गाठीची कुंडली सातासमुद्रापार, शेतकऱ्याच्या हाती कोरी चिठ्ठी



कापूस विकायला गेले की हल्ली मालाआधी कागद पाहतात. सातबारा आणा, आधार आणा, मोबाइल नंबर सांगा, पीकपाहणीत कपाशी लागली की नाही ते दाखवा. २०२५ च्या हंगामात सीसीआयला कापूस द्यायचा तर आधी अ‍ॅपवर नाव नोंदवावे लागले. यातली काही माहिती हमीभावाच्या काट्यावर व्यापाऱ्याचा माल घुसू नये म्हणून मागतात, हे आम्हाला मान्य आहे. पण कापसाच्या मागे माहितीची आणखी एक साखळी लागली आहे. तिचे एक टोक जिनिंगच्या आवारात आहे, दुसरे अमेरिकेच्या आणि युरोपच्या बंदरात. ही साखळी कोणी बांधली, तिच्यातून काय वाहते आणि आपल्यापाशी येऊन ती का तुटते, याचा विचार या जिल्हा मेळाव्यात झाला पाहिजे. कारण आपण गप्प बसलो तर या साखळीचा खर्च आपल्या भावातून कापला जाईल आणि तिचा फायदा दुसराच कोणी खाईल. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, ही म्हण आपण नुसती ऐकलेली नाही, दर हंगामात भोगलेली आहे.

पेटीच्या पोटात काय आहे?

११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर हल्ला झाला. विमानांचा बंदोबस्त झाल्यावर तिथल्या सरकारला दुसरी धास्ती पडली. जगाचा व्यापार लोखंडी पेट्यांतून, म्हणजे कंटेनरमधून चालतो. बाहेरून सगळ्या पेट्या सारख्याच. पोटात रुईच्या गाठी आहेत की बाँब आहे, हे उघडल्याशिवाय कळायचे कसे? आणि प्रत्येक पेटी उघडायची म्हटली तर बंदरे तुंबून व्यापारच बंद पडेल.

यावर त्यांनी तोड काढली ती अशी : पेटी उघडू नका, पेटीची माहिती आधी मागवा. माहिती तपासा, संशय आला तरच पेटीला हात लावा. डिसेंबर २००२ मध्ये २४ तासांचा नियम लागू झाला. अमेरिकेला जाणारा कंटेनर परदेशी बंदरात जहाजावर चढण्याच्या २४ तास आधी मालाची यादी अमेरिकेच्या कस्टम खात्याकडे पोचली पाहिजे. 'किरकोळ माल', 'सर्वसाधारण माल' असले मोघम लिहिलेले चालत नाही. न्हावाशेवाच्या धक्क्यावर पेटी उभी असते आणि तिला चढू द्यायचे की नाही हे अमेरिकेच्या कस्टमचा संगणक ठरवतो.

२००७ मध्ये अमेरिकेच्या संसदेने एक पाऊल पुढे टाकले. २०१२ पर्यंत आपल्याकडे येणारा प्रत्येक कंटेनर परदेशी बंदरातच यंत्राखालून तपासून यावा, असा कायदा केला. मुदत आली तेव्हा त्यांच्याच सरकारने हात वर केले. मुदत दोन वर्षांनी पुढे ढकलली, पुढे पुन्हा ढकलली. जगातली सर्वांत श्रीमंत सत्ता सगळ्या पेट्या तपासू शकली नाही. म्हणूनच सगळा भार माहितीवर आला. माहिती हेच कुलूप झाले.

२००९ मध्ये 'दहा अधिक दोन' नावाचा नियम आला. ही आपल्या पोरांची बारावी नव्हे. आयातदाराने दहा गोष्टी आणि जहाज कंपनीने दोन गोष्टी कळवायच्या, म्हणून हे नाव. विकणारा कोण, घेणारा कोण, माल बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, माल कोणत्या देशात तयार झाला, मालाचा सांकेतिक क्रमांक, पेटी कोणत्या जागी भरली, कोणी भरली, शेवटी कुठे उतरणार, अशी ती यादी. चूक झाली तर एकेका चुकीला ५००० डॉलरपर्यंत दंड. युरोपनेही हाच रस्ता धरला. ३ जून २०२४ पासून तिकडे समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाची तपशीलवार माहिती नव्या संगणकी पद्धतीने आधीच द्यावी लागते, मोघम वर्णन परत येते.

आपल्याकडे ही साखळी कशी आली?

जगभरच्या कस्टम खात्यांची एक संघटना ब्रुसेल्सला आहे. तिने जून २००५ मध्ये एक चौकट मंजूर केली. देशोदेशींच्या कस्टम खात्यांनी एकमेकांना माहिती द्यावी, आणि जे व्यापारी आपला कारभार चोख ठेवतात त्यांना विश्वासू ठरवून मोकळी वाट द्यावी, असा तिचा सारांश. भारताने २०११ मध्ये अशा विश्वासू व्यापाऱ्यांची योजना काढली, २०१६ मध्ये ती नव्याने मांडली. बंदरावरचे लोक तिला 'एईओ' म्हणतात. ज्याच्याकडे हा शिक्का आहे त्याच्या मालाची तपासणी कमी, बँक हमी कमी, फाइल आधी हलते. २०२१ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात या शिक्क्याला परस्पर मान्यता देण्याचा करार झाला. म्हणजे इथला विश्वासू तो तिथलाही विश्वासू.

त्याबरोबर पेटीला इलेक्ट्रॉनिक सील आले. २०१७ पासून कारखान्यातच पेटी भरून सील करणाऱ्या निर्यातदाराला हे सील लावावे लागते. सील केव्हा लावले, पेटीचा नंबर काय, ट्रकचा नंबर काय, शिपिंग बिल कोणते, सगळे त्यात बांधलेले. बंदरावरचे यंत्र ते वाचते. वाटेत कोणी सील तोडले असेल तर ते वाचताना कळते. २०१६ मध्ये न्हावाशेवाला कंटेनरवर बिल्ले लावून त्यांचा माग ठेवण्याची व्यवस्था सुरू झाली. आज पेटी कोणत्या टोल नाक्यावरून गेली हे मालकाला घरबसल्या दिसते.

आम्ही याला नावे ठेवत नाही. काम चांगले आहे. आमचा प्रश्न एवढाच आहे : लोखंडी पेटी कोणत्या नाक्यावर उभी आहे हे तिच्या मालकाला दर तासाला कळते, आणि त्या पेटीतला कापूस पिकवणाऱ्याला आपला माल कोणत्या प्रतीत गेला हे वर्षभरात एकदाही कळत नाही. हा न्याय कुठला?

पाट खोदला बाँबसाठी, पाणी वाहते दुसरेच

एकदा पाट खोदला की त्यातून कोणतेही पाणी सोडता येते. बाँब शोधायला उभारलेल्या या व्यवस्थेत आता आणखी प्रश्न विचारले जातात. अमेरिकेच्या विश्वासू व्यापाऱ्यांच्या योजनेत २०२० पासून दोन गोष्टींवर नव्याने भर आला : पेटीबरोबर कीड जाऊ नये, आणि संगणकातली माहिती चोरीला जाऊ नये. आणि २१ जून २०२२ पासून एक कायदा तिथे लागू झाला, त्याने तर हा पाट थेट कपाशीच्या शेतापर्यंत आणला.

चीनच्या शिनजियांग प्रांतात उइगूर लोकांकडून सक्तीने मजुरी करून घेतात, असा अमेरिकेचा आरोप आहे. त्या प्रांताचा कापूस ज्या मालात असेल तो माल अमेरिकेत घ्यायचा नाही, असा हा कायदा. कापड कोणत्या देशात विणले, सदरा कोणत्या देशात शिवला, याला महत्त्व नाही. आत कापूस कुठला, हे महत्त्वाचे. माल अडला की सिद्ध करण्याची जबाबदारी आयातदारावर. मग तो विचारतो शिवणाऱ्याला, शिवणारा विणणाऱ्याला, विणणारा सूतगिरणीला, सूतगिरणी जिनिंगला : कापूस कुठला? दाखव कागद.

आता हा कागद जन्मतो कुठे? यवतमाळच्या, अकोल्याच्या, परभणीच्या काट्यावर. हा कापूस या मातीतला आहे, याचा पहिला पुरावा दुसऱ्या कोणाकडे असूच शकत नाही. तो आपल्या सातबाऱ्यात आहे, काटापट्टीत आहे. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. आजपर्यंत आपण कापूस विकत होतो. आता कापसाबरोबर पुरावाही विकला जातो. पुराव्याशिवाय कापड अडते, म्हणजे पुराव्याला किंमत आहे. ज्या वस्तूला किंमत आहे ती आपल्याकडून फुकट नेली जात असेल तर तिला लूट हा एकच शब्द आहे.

कोणी म्हणेल, कापसाला नवे नाव दिले आहे की. खरे आहे. ७ ऑक्टोबर २०२० रोजी 'कस्तुरी' हे भारतीय कापसाचे नाव जाहीर झाले, पुढे गाठीगाठीचा माग ठेवण्याची संगणकी व्यवस्था त्याला जोडली. गाठीला क्यूआर कोड लागतो, तो वाचून परदेशी गिऱ्हाईक गाठीची कुंडली पाहतो. पाहू द्या. पण ज्याच्या घामाची ती कुंडली आहे, त्याला ती का दाखवत नाही?

साखळी कुठे तुटते?

हिशेब करू. एक गाठ १७० किलोची. क्विंटलभर कापसातून ३४ किलोच्या आसपास रुई निघते. म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागला. कोरडवाहू रानात चांगल्या वर्षी एकराला चार-पाच क्विंटल निघतो, म्हणजे जवळपास एक एकर म्हणजे एक गाठ. मोठ्या कंटेनरात सुमारे दीडशे गाठी बसतात. एका कंटेनरात साडेसातशे क्विंटल, म्हणजे वीस-वीस क्विंटल विकणाऱ्या सदतीस-अडतीस कुटुंबांचे वर्ष बांधलेले असते. पेटीला एक नंबर, एक सील, एक मालक. आत अडतीस घरे.

या अडतीस घरांची नावे जिनिंगच्या आवारात पुसली जातात. तिथे कापसाची गंजी प्रतवारीने लागते, शेतकऱ्याच्या नावाने लागत नाही. सकाळी आलेली तुमची गाडी आणि दुपारी आलेली दुसऱ्या तालुक्यातली गाडी एकाच गंजीवर रिकामी होते. रेच्यातून रुई निघते, प्रेसमधून गाठ पडते, तेव्हा कोणता धागा कोणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. यात जिनिंगवाल्याचे पाप नाही, यंत्राचे काम असेच चालते. पण मग गाठीच्या कुंडलीत गावाचे आणि शेतकऱ्याचे नाव येते ते कुठून? कागदावरून. आणि कागद खरा की खोटा, हे तपासणारा तिथे कोणी नाही.

खेडा खरेदीत तर कागदही नसतो. दारात गाडी येते, काटा लागतो, कवडी आहे, ओल आहे म्हणून कट्टी कापतात, वहीच्या फाटक्या पानावर आकडा लिहून देतात. त्यावर ना ओलाव्याचा टक्का, ना प्रत, ना काटणाऱ्याची सही. हीच ती कोरी चिठ्ठी. या चिठ्ठीच्या पायावर वर सात मजली संगणकी इमारत उभी आहे.

आणि जो मक्त्याने किंवा बटईने करतो, त्याचे काय? सातबारा दुसऱ्याच्या नावावर. कपाशी याने लावली, निंदण याच्या घरच्या बाईने केले, वेचणीही तिनेच केली. कागद मागणाऱ्या काट्यावर हा उभाच राहू शकत नाही. तो जातो खेडा खरेदीवाल्याकडे, पडेल भावात देतो. तोच कापूस पुढे दुसऱ्याच्या कागदावर चढून 'मागोवा असलेला' होतो. ज्याने पिकवला तो नोंदीबाहेर, ज्याने फक्त कागद दिला तो नोंदीत. याला सुरक्षित साखळी म्हणायचे?

वरच्या टोकालाही आपले नाव गळते. १५ फेब्रुवारी २०२० पासून शिपिंग बिलात माल कोणत्या राज्यातला, कोणत्या जिल्ह्यातला हे लिहावे लागते. ऐकायला बरे वाटते. पण रुईचे सूत झाले, सुताचे कापड झाले, कापडाचा सदरा झाला की जिल्हा शिवणाऱ्याचा लागतो. वऱ्हाडाचा कापूस निर्यातीच्या आकड्यात दुसऱ्याच जिल्ह्याच्या नावाने जातो. मग योजना त्या जिल्ह्याला, सवलत त्या जिल्ह्याला, आणि आपल्या जिल्ह्याच्या नावापुढे आत्महत्यांचा आकडा.

कुलूप मजबूत, भिंत मातीची

जे सांगतात की माहिती संगणकात गेली म्हणजे साखळी सुरक्षित झाली, त्यांच्यासाठी तीन गोष्टी सांगतो.

पहिली, बेल्जियमच्या अँटवर्प बंदराची. २०११ पासून दोनेक वर्षे अमली पदार्थांच्या टोळीने भाडोत्री संगणकतज्ज्ञांकरवी तिथल्या कंपन्यांच्या यंत्रणेत शिरकाव केला. कोणती पेटी कुठे ठेवली आहे, ती सोडवण्याचा आकडा काय, हे त्यांना आयते दिसू लागले. प्रामाणिक माणसाच्या मालात लपवलेला अमली पदार्थांचा माल ते मालकाच्या आधी उचलून नेत. ज्या माहितीने चोर पकडायचा तीच माहिती चोराच्या हाती किल्ली झाली.

दुसरी, आपल्या न्हावाशेवाची. २७ जून २०१७ रोजी मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर एका विषाणूने बंद पाडले. न्हावाशेवाला त्या समूहाचे जे टर्मिनल आहे तेही ठप्प झाले. धक्का शाबूत, क्रेन शाबूत, माणसे हजर, पण पेटी हलेना. सगळा विश्वास एका यंत्रावर ठेवला आणि यंत्र आडवे झाले की माल जागच्या जागी.

तिसरी गोष्ट कापसाचीच. ऑक्टोबर २०२० मध्ये सेंद्रिय कापडाचा जागतिक शिक्का देणाऱ्या संस्थेने जाहीर केले की भारतातून सुमारे २० हजार टन कापूस खोट्या दाखल्यांवर सेंद्रिय म्हणून विकला गेला. सरकारी संकेतस्थळासारखे हुबेहूब खोटे संकेतस्थळ बनवले, दाखल्यावर त्याकडे नेणारे क्यूआर कोड छापले. म्हणजे कागद होता, क्यूआर होता, संगणक होता. नव्हती ती एकच गोष्ट : खाली उभा असलेला, 'हा माल माझा नाही' असे म्हणू शकणारा शेतकरी. त्याला दाखलाच दाखवला नाही तर तो बोलणार काय?

म्हणून आम्ही म्हणतो, शेतकऱ्याला साखळीची माहिती द्या ही दयेची याचना नाही. पहिल्या टोकाला बसलेल्या माणसाला आपल्या नावापुढे काय लिहिले आहे ते दिसले, तरच खोटी नोंद पकडली जाते. हजार कॅमेऱ्यांनी होत नाही ते काम धन्याचा एक डोळा करतो.

'हे व्यापाऱ्याचे झेंगट, आपल्याला काय?'

आपल्यातच दोन मते आहेत, त्यांना उत्तर दिले पाहिजे. पहिले मत असे की निर्यात व्यापारी करतो, नियम त्याने पाळावेत, आपला संबंध फाटकाबाहेर संपतो. हे खरे असते तर बरे झाले असते. पण पेटी अडली तर नुकसान कोणाचे? २०१० साली द्राक्षांचे काय झाले ते आठवा. एका संजीवकाचे अंश सापडले म्हणून युरोपने आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडवले. ज्या यादीप्रमाणे इथे तपासणी होत होती, त्या यादीत त्या रसायनाचे नावच नव्हते. यादी करणारे वेगळे, तपासणारे वेगळे, पाठवणारे वेगळे. पण तोटा उतरत उतरत येऊन बागाईतदाराच्या अंगणात थांबला. बागाईतदाराची ही गत, तर कोरडवाहूवाल्याची काय होईल? सूतगिरणीचा एक लॉट नाकारला गेला की दुसऱ्या दिवशी काट्यावरचा भाव पडतो आणि कारण सांगायला कोणी बांधील नसतो.

दुसरे मत असे की कोणतीच माहिती द्यायची नाही, परदेशी लोकांचे हे चोचले हवेतच कशाला? आम्ही शेतीचे शिक्षण घेऊन या चळवळीत आलो, म्हणून या मताला रानातले उत्तर देतो. बांधावरचे काँग्रेस गवत पाहा. १९५० च्या दशकात ते पुण्यात प्रथम नोंदले गेले. परदेशी धान्याबरोबर त्याचे बी आले असे मानले जाते. ज्वारीच्या किती रानांचा त्याने सत्यानाश केला हे तुम्हाला सांगायला नको. कपाशीवरचा पिठ्या ढेकूण २००५-०६ च्या सुमारास आपल्याकडे पसरला, तो मूळचा अमेरिकेकडचा. तिकडचीच लष्करी अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत पोचली, २०१८ मध्ये आपल्या मक्यावर आणि ज्वारीवर आली. काही कीड वाऱ्याने येते, काही मालाबरोबर येते. अमेरिकेचा कापूस पट्टा ज्याने एके काळी हैराण केला तो बोंड पोखरणारा सोंडकिडा अजून आपल्याकडे आलेला नाही. तो येऊ नये म्हणून आयात कापसावर नजर हवी, तीही पेटीच्या माहितीवरच ठेवता येते. म्हणजे सुरक्षित मालवाहतूक ही आपलीही गरज आहे. आमचे भांडण नोंदीशी नाही. आमचे भांडण एकतर्फी नोंदीशी आहे.

साहेबांचे तीन बहाणे

हे बोलले की साहेब लोक तीन बहाणे सांगतात.

पहिला, ही व्यापारी गुपिते आहेत. आमच्या गाठीच्या धाग्याची लांबी, तलमपणा आणि ओलावा हे कोणाचे गुपित? माल आमचा, मोजमाप आमच्या मालाचे, आणि गुपित त्यांचे! गिऱ्हाइकाचे नाव आम्ही मागत नाही. आमच्या मालाची प्रत आम्ही मागतो.

दुसरा, लाखो शेतकरी, कोणाकोणाला कळवणार? हेच साहेब हमीभावाचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जमा करतात. माहिती घ्यायला लाखो शेतकरी चालतात, द्यायला मात्र फार होतात. द्राक्षांसाठी २००६ पासून बागेची नोंद, प्रयोगशाळेचा अहवाल आणि पेटी यांना एका धाग्यात ओवणारी संगणकी व्यवस्था चालते. द्राक्षाला जमते ते कापसाला आणि ज्वारीला का जमू नये?

तिसरा बहाणा सर्वांत जुना : शेतकऱ्याला यातले काय कळते? ज्याला वेचताना बोटांना धागा कळतो, मुठीत दाबून ओल कळते, त्याला टक्केवारी कळणार नाही? न कळण्याची सोय पाहिजे आहे ती कट्टी कापणाऱ्याला.

आमच्या मागण्या

या मेळाव्याने पुढील ठराव करावेत, अशी आमची सूचना आहे.

एक, बाजार समितीत असो, जिनिंगवर असो की खेडा खरेदीत, प्रत्येक व्यवहाराला छापील पावती मिळालीच पाहिजे. तिच्यावर वजन, ओलाव्याचा टक्का, प्रत, प्रत्येक कट्टीचे कारण आणि काट्याची ओळख असावी. पावती नसेल तर ती खरेदी बेकायदा ठरवावी.

दोन, ज्या गाठींना क्यूआर कोड किंवा मागोव्याचा क्रमांक लागतो, त्या लॉटचा प्रयोगशाळा अहवाल त्या लॉटला कापूस दिलेल्या गावांना मोबाइलवर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर मिळावा.

तीन, माल परदेशात अडला म्हणून भाव पाडायचा किंवा वसुली करायची असेल तर कारण लेखी दाखवावे. लेखी कारण नाही तर कपात नाही.

चार, ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी. आमच्या सातबाऱ्याची आणि पिकाची माहिती कोणाकोणाला दिली, याची यादी मागताच मिळावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संसदेने संमत केला, त्यात माहिती कोणाला दिली हे विचारण्याचा हक्क लिहिलेला आहे. सरकारी खरेदीही या हक्कातून सुटता कामा नये.

पाच, बिल्ले, सील, दाखले आणि तपासणी यांचा खर्च जो मागतो त्याने सोसावा. तो कोणत्याही नावाने काट्यावर कापू नये.

सहा, मक्त्याने, बटईने करणाऱ्याची आणि जिच्या नावावर सातबारा नाही त्या बाईचीही नोंद पीकपाहणीच्या आधारे कसणारा म्हणून व्हावी.

सात, सर्व्हर बंद पडला म्हणून एकही गाडी परत पाठवू नये. कागदावर नोंद करून माल घ्यावा, संगणक सुरू झाल्यावर भरावा.

आजपासून काय करायचे?

सरकार ठराव वाचेल तेव्हा वाचेल. आपल्या हातातले काम आपण सुरू करू. पावती मागा, मिळेपर्यंत काटा सोडू नका, आणि मिळालेली पावती पेटीत ठेवा. मोबाइलवर कोणी अंगठा किंवा आकडा मागितला तर कशासाठी ते विचारल्याशिवाय देऊ नका.

आणि सर्वांत मोठे काम गावाने मिळून करायचे आहे. व्यापारात रुईचा लॉट शंभर गाठींचा धरतात. शंभर गाठी म्हणजे पाचशे क्विंटल कापूस. आपल्या पट्ट्यात असे कितीतरी गाव आहेत जिथे पाचशे क्विंटल आठवडाभरात गोळा होईल. पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा, कोरडा, कवडी काढलेला, सुती कापडात आणलेला कापूस गावाने एकत्र करावा, जिनिंगवाल्याशी आधी बोलून गावाची स्वतंत्र गंजी लावून घ्यावी, स्वतंत्र पिळून घ्यावी, आणि गाठींच्या बिल्ल्यांचे क्रमांक गावाने लिहून घ्यावेत. मग त्या गाठींच्या कुंडलीत लिहिलेले गाव खरे असेल. त्या खऱ्या पुराव्याची किंमत मागायला आपण काट्यावर एकेकटे नसू, पाचशे क्विंटल घेऊन उभे असू.

परदेशी गिऱ्हाइकाला खात्री हवी आहे. सरकारला निर्यात हवी आहे. व्यापाऱ्याला हिरवा दिवा हवा आहे. या तिघांचीही वाट आपल्या चिठ्ठीवरून जाते. ती चिठ्ठी कोरी राहू द्यायची नाही, एवढे या हंगामात ठरवू या.